एकेका रेणूचं फ्रेट: पावसाळ्यात ठिपके वाढले, साय-५ टिकत नाही, वेग भरकटतो. आधी काय तपासू?

कणाद_महापे
नमस्कार मंडळी,

आम्ही फ्रेट करतो, म्हणजे रेणूवरच्या एका रंगाकडून (डोनर, आमचा साय-३) दुसऱ्याकडे (ॲक्सेप्टर, साय-५) किती ऊर्जा जाते ते मोजून त्यांच्यातलं अंतर ताडतो. महापे एमआयडीसीत आमच्याकडे ऑब्जेक्टिव्हमधून लेझर जाणारा टर्फ मायक्रोस्कोप आहे, तो काचेलगतचा पातळ थरच उजळतो. १०० पट, १.४९ एनएचं ऑइल ऑब्जेक्टिव्ह, ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर, ५१२ × ५१२ चा ईएमसीसीडी कॅमेरा, त्याचा अर्धा भाग साय-३ ला आणि अर्धा साय-५ ला. एक पिक्सेल १६० नॅनोमीटर, फ्रेम १०० मिलीसेकंद. ६४० चा लाल लेझर टेबलावर आहे, पण वापरात नाही.

नमुना म्हणजे चार धाग्यांचं हॉलिडे जंक्शन, दोन घड्यांमध्ये ये-जा करणारा डीएनएचा चौक: एका टोकाला काचेला बांधण्यासाठी बायोटिन, एका बाहूवर साय-३, शेजारच्यावर साय-५. बफर १० मिलीमोलर ट्रिस, पीएच ८, मॅग्नेशियम क्लोराइड ५० मिलीमोलर. ऑक्सिजन काढायला ग्लुकोज ऑक्सिडेज, कॅटालेज आणि ०.८ टक्के ग्लुकोज. उन्हाळ्यापर्यंत सोबत रंग टिकवणारं ट्रोलॉक्स घालत होतो; ते संपलं म्हणून सध्या १ टक्का बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल.

मे महिन्यापर्यंत सगळं ठीक होतं. जूनच्या अखेरीपासून चार गोष्टी बिघडल्या आहेत.

१) न्यूट्राविडिन (बायोटिन पकडून ठेवणारं प्रथिन) किंवा डीएनए काहीही न घालता, नुसत्या बफरमध्येच एका दृश्यक्षेत्रात ६० ते ८० ठिपके दिसतात. ५० पिकोमोलर डीएनए घातल्यावर साडेतीनशेच्या आसपास.
२) साय-५ सरासरी ६-८ सेकंदांत ब्लीच होतो (कायमचा विझतो), आणि त्याआधी मध्येच विझतो, पुन्हा पेटतो.
३) फ्रेटच्या कार्यक्षमतेच्या (० ते १) हिस्टोग्राममध्ये अपेक्षित दोन शिखरांशिवाय ०.०८ वर तिसरं शिखर, आणि तेच सर्वांत उंच.
४) एकाच चॅनेलमध्ये ४० मिनिटं काम केलं की दोन अवस्थांमधली ये-जा आधीपेक्षा जलद दिसते.

यातलं जंक्शनचं वागणं कुठलं आणि आमच्या कामातला दोष कुठला? पुढच्या महिन्यात हेच एका प्रथिनावर करायचं आहे, म्हणून घाई आहे.

---

बेलापूरची_पिपेट
चार तक्रारी आहेत, पण पहिली सुटल्याशिवाय बाकीच्यांना हात लावू नका. साडेतीनशेत सत्तर ठिपके आगंतुक असतील तर तुमच्या हिस्टोग्राममधला दर पाचवा 'रेणू' कोण आहे हेच माहीत नाही.

आगंतुक दोन जातींचे असतात. एक म्हणजे मळ: काच, बफर, तेल किंवा सिलेनच्या गुठळ्या स्वतःच चमकतात. दुसरा म्हणजे नको तिथे चिकटलेला नमुना. दोन्ही वेगळे मोजा. नुसत्या बफरमध्ये मोजलेले ६०-८० हे सगळे मळाचे. त्यानंतर न्यूट्राविडिन न घालता १ नॅनोमोलर लेबल केलेला डीएनए पाच मिनिटं ठेवून धुवा आणि पुन्हा मोजा. जे वाढले ते चिकटलेले. दोन्ही मिळून एका क्षेत्रात दहा-पंधराच्या वर जात असतील तर ती स्लाइड टाकून द्या. तिच्यावर डीएनए वाया घालवण्यात अर्थ नाही.

मळाचं आधी. १.५ नंबरच्या कव्हरस्लिप (जाडी ०.१७ मिमी) ॲसिटोनमध्ये २० मिनिटं सोनिकेट करा, भरपूर पाण्याने धुवा, मग १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये २० ते ३० मिनिटं सोनिकेट, पुन्हा पाणी. पाणी १८.२ मेगाओहमचंच हवं. कॅनमधून येणारं 'डबल डिस्टिल्ड' बॅटरीत घालायला ठीक आहे. पिरान्हा वापरत असाल (तीन भाग सल्फ्युरिक, एक भाग ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड) तर त्याआधी ॲसिटोनचा थेंबही काचेवर राहता कामा नये, स्फोट होतो. माझ्या मते रोजच्या कामाला पोटॅशियम हायड्रॉक्साइड पुरतं. बफर ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा.

आता पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते, आणि पेगिलेशनमधली (काचेवर पेग या पॉलिमरचा न चिकटणारा थर चढवण्यातली) दोन रसायनं नेमकी पाण्यालाच भितात.

पहिलं अमिनोसिलेन, म्हणजे ॲप्टेस, ज्यावर पेग जोडलं जातं. ओल लागली की ते काचेवर एकेरी थरात बसण्याऐवजी आपापसातच जोडलं जातं, आणि त्या गुठळ्या काचेवर बसून चमकतात. बाटलीच्या तोंडाशी पांढरा थर किंवा द्रवाला पिवळी झाक दिसली की ती बाटली गेली असं समजा. प्रमाण: १०० मिली मेथॅनॉल, ५ मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, १ ते ३ मिली ॲप्टेस. १० मिनिटं ठेवा, १ मिनिट सोनिकेट, आणखी १० मिनिटं. मग मेथॅनॉल, पाणी, आणि नायट्रोजनने कोरडं. मेथॅनॉलही ओल ओढतं. महिनाभर उघडझाक झालेली बाटली यासाठी घेऊ नका. सिलेन घातल्यावर द्रावण गढूळ झालं तर तिथेच थांबा.

दुसरं पेग. ५००० डाल्टनचं एसव्हीए टोक (अमिनोसिलेनला जोडणारं) असलेलं पेग पीएच ८ च्या पाण्यात साधारण अर्ध्या तासात निम्मं निकामी होतं. म्हणून रात्रभर ठेवलं म्हणजे रात्रभर जोडणी चालू असते असं नाही. खरं काम पहिल्या दोन-तीन तासांत उरकतं. आता उणे २० मधून काढलेली डबी थेट उघडली तर आत दव धरतं. २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदूच २५ अंशांच्या आसपास असतो, मग उणे २० ची डबी काय होईल ते ओळखा. असं पाच-सहा वेळा झालं की पावडरीतला बराच भाग तुम्ही वापरण्याआधीच मेलेला असतो. डबी डेसिकेटरमध्ये किमान तासभर ठेवून खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. त्याहून बरं: नवी बाटली आली की त्याच दिवशी ८०-८० मिलीग्रॅमच्या पुड्या नळ्यांत भरा, वर नायट्रोजन सोडा, पॅराफिल्म लावा, सिलिका जेलसकट बंद डब्यात ठेवा. एक नळी, एक वापर.

पाच स्लाइडना ८० मिलीग्रॅम साधं पेग आणि १ ते २ मिलीग्रॅम बायोटिन-पेग, ३२० मायक्रोलिटर ताज्या ०.१ मोलर सोडियम बायकार्बोनेटमध्ये, पीएच ८.५. एक मिनिट सेंट्रिफ्यूज करून बुडबुडे काढा, दर स्लाइडवर ६० मायक्रोलिटर टाका आणि वर कव्हरस्लिप झाका. पाण्याचा बोळा ठेवलेल्या बंद डब्यात, अंधारात. बुडबुडा अडकला तर तेवढी जागा उघडी राहते. दुसऱ्या दिवशी धुऊन ताज्या पेगचा दुसरा हात द्या, लहान चार कड्यांच्या पेगचा दिला तर उत्तम, तो मोठ्या साखळ्यांच्या फटींत शिरतो. ऐन वेळी ०.२ टक्के ट्वीन-२० (डिटर्जंट) दहा मिनिटं फिरवून धुतलं तरी चिकटणं आणखी कमी होतं.

डीएनएच्या प्रमाणाचं गणितही एकदा मांडून बघा. २२ मिमी लांब, ५ मिमी रुंद, ०.१ मिमी उंच चॅनेल म्हणजे ११ मायक्रोलिटर. ५० पिकोमोलरला त्यात साधारण ३३ कोटी रेणू होतात, आणि तळ आहे ११० चौरस मिमी. सगळे बसले तर दर चौरस मायक्रॉनला तीन. तुमच्या अर्ध्या कॅमेऱ्याचं क्षेत्र ८२ × ४१ मायक्रॉन. तिथे ३०० ठिपके हवे असतील तर घनता ०.०९ पुरते, म्हणजे शंभरातले तीनच बसायला हवेत. तेव्हा १० पिकोमोलरपासून सुरुवात करा आणि ठिपके बघत वाढवा. ५० ला कमी पडत असतील तर डीएनए वाढवू नका, बायोटिन-पेग आणि न्यूट्राविडिन (०.२ मिलीग्रॅम प्रति मिली, ५ मिनिटं) तपासा.

---

ठाणे_टर्फ
पिपेटताईंनी पृष्ठभागाचं सांगितलंच आहे. मी दुसऱ्या मुद्द्यावर येतो, कारण तिथे उत्तर प्रश्नातच आहे: ट्रोलॉक्स संपलं म्हणून बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल.

१ टक्का म्हणजे १४३ मिलीमोलर थायॉल (गंधकयुक्त गट). साय-५ च्या साखळीला थायॉल तात्पुरता जोडला जातो आणि रंग विझतो, सुटला की पुन्हा पेटतो. सुपर-रिझोल्यूशनवाले हेच मुद्दाम घडवून आणतात. फ्रेटमध्ये मात्र ॲक्सेप्टर विझला की डोनर उजळतो आणि ट्रेसवर (वेळेनुसार प्रकाशाच्या आलेखावर) तो हुबेहूब जंक्शन उघडल्यासारखा दिसतो. तुमच्या ०.०८ च्या शिखरात यांचाही वाटा असणार.

ट्रोलॉक्स: १० मिलीग्रॅम १३ मिली पाण्यात, म्हणजे साधारण ३ मिलीमोलर. नुसत्या पाण्यात ते विरघळत नाही. सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकत अर्धा तास फिरवा, ०.२ मायक्रॉनने गाळा, मग ट्रिसने पीएच ८ वर आणा. पीएच नंतर पुन्हा मोजा, लोक हे विसरतात. आणखी एक, अगदी ताजं ट्रोलॉक्स तितकंसं चालत नाही. त्याचा थोडा भाग हवेने आणि उजेडाने क्विनोन व्हावा लागतो. दोन्ही मिळून रंगाला अंधाऱ्या अवस्थेतून परत आणतात. रात्रभर बाकावर उजेडात राहू द्या.

आता ऑक्सिजन. २५ अंशांना हवेशी समतोल पाण्यात साधारण ०.२५ मिलीमोलर ऑक्सिजन असतो. नेहमीचं मिश्रण: ग्लुकोज ऑक्सिडेज १ मिलीग्रॅम प्रति मिली, कॅटालेज ०.०४ मिलीग्रॅम प्रति मिली, ग्लुकोज ०.८ टक्के, म्हणजे ४४ मिलीमोलर. या मिश्रणाची बदनामी अशी की ते आम्ल तयार करतं. ते खरं आहे, पण किती? कॅटालेज निम्मा ऑक्सिजन परत करतं, म्हणून एका ऑक्सिजनमागे ग्लुकोनिक आम्लाचे दोन रेणू. चॅनेल बंद असेल तर ०.२५ चे ०.५ मिलीमोलर, आणि तिथे थांबतं. हे १० मिलीमोलर ट्रिससुद्धा पेलतं. चॅनेलची तोंडं उघडी असतील तर मात्र हवा आत येत राहते, आम्ल बनत राहतं आणि तासाभरात पीएच घसरतो. नळीत आधीच कालवून ठेवलेल्या मिश्रणाचंही तेच. एन्झाइम सर्वांत शेवटी घाला, दोन मिनिटांत चॅनेलमध्ये सोडा आणि दोन्ही तोंडं ग्रीसने किंवा इपॉक्सीने बंद करा. ट्रिस ५० मिलीमोलर केलंत तर बिघडणार काही नाही.

प्रोटोकॅटेच्यूइक आम्लाची जोडी (आम्ल २.५ मिलीमोलर, एन्झाइम ५० नॅनोमोलर) हाही पर्याय आहे. त्याचा साठा तपकिरी झाला की टाकून द्यायचा. दोन्ही पद्धतींत एन्झाइमच्या बाटलीतून न्यूक्लिएज (डीएनए कापणारं एन्झाइम) येऊ शकतं, नवी बॅच आली की एकदा जेलवर डीएनए तपासून घ्या.

आता तुमचा मूळ प्रश्न, जंक्शन कुठलं आणि रंग कुठला. त्याला दोन बटणं आहेत. लेझर निम्मा करा: ज्या अवस्थेत जाण्याचा वेग निम्मा होतो ती रंगाची करामत, कारण तिथे प्रकाशच रेणूला ढकलतोय. वेग तसाच राहिला तर तो रेणूचा. मग मॅग्नेशियम बदला: ५० वरून १० मिलीमोलरला आणलं की जंक्शनची ये-जा जलद व्हायलाच हवी, कारण मॅग्नेशियम जितकं जास्त तितकं ते एकेका घडीत जास्त वेळ बसतं. साय-५ च्या ब्लिंकिंगला (विझण्या-पेटण्याला) मॅग्नेशियमशी देणंघेणं नाही.

---

घोडबंदर_गॅमा
+१, पण ०.०८ च्या शिखराबद्दल मतभेद आहे. ठाणे_टर्फ त्याला ब्लिंकिंगचा वाटा म्हणतात. थोडा असेलही, पण सर्वांत उंच शिखर ब्लिंकिंगचं होण्यासाठी साय-५ बराच वेळ विझलेला लागेल. कणादनी लिहिलंय की 'मध्येच' विझतो. मला ते साधं डोनर-एकटा शिखर वाटतं, म्हणजे ज्या रेणूंवर साय-५ आधीपासून नाही किंवा पहिल्या फ्रेमच्या आधीच गेलाय.

आकडाच साक्ष देतो. साय-३ चा प्रकाश ॲक्सेप्टरच्या अर्ध्या भागात गळतोच, फिल्टरनुसार ७ ते १० टक्के. गळती ९ टक्के धरा: ०.०९ भागिले १.०९ म्हणजे ०.०८. तुमचं शिखर नेमकं तिथेच आहे. गळती वजा केली की ते शून्यावर जाऊन बसेल. वजा न करता त्याला 'तिसरी अवस्था' म्हटलंत तर परीक्षक पहिल्याच पानावर पकडतील.

६४० चा लेझर पडून आहे हे वाचून वाईट वाटलं. पहिल्या १० फ्रेम नुसता लाल, मग हिरवा, शेवटी पुन्हा १० फ्रेम लाल. पहिल्या लाल टप्प्यात जे चमकत नाहीत त्यांना यादीतून काढा. हिरवा चालू असताना साय-५ विझला पण शेवटच्या लाल टप्प्यात परत दिसला, तर तो ब्लिंकिंग. नाही दिसला तर ब्लीच. आमच्या दोघांच्या वादाचा निकालही यातूनच लागेल. दोन लेझर फ्रेमगणिक आलटूनपालटून लावता आले तर फारच छान, पण ट्रिगरिंग बसवायला वेळ जातो. आधी हे करा.

मग एकेक ट्रेस निवडताना: डोनर आणि ॲक्सेप्टर एकमेकांच्या उलट चालले पाहिजेत, आणि प्रत्येकाचं ब्लीचिंग एकाच पायरीत व्हायला हवं. दोन पायऱ्या म्हणजे एका ठिपक्यात दोन रेणू, बाद. ॲक्सेप्टर ब्लीच होताना तो किती घसरला भागिले डोनर किती वाढला, हा गॅमा, म्हणजे दोन्ही रंग सारखेच टिपले जातात का याचं माप. तीस-चाळीस रेणूंचा मध्यक घ्या. साय-३/साय-५ ला तो बहुधा १ च्या आसपास येतो. २-३ येत असेल तर फिल्टर किंवा दोन भागांचं अलाइनमेंट बघा.

नॅनोमीटरमध्ये अंतर लिहायची घाई नको. या जोडीचं अर्ध्या कार्यक्षमतेचं अंतर साडेपाच ते सहा नॅनोमीटर, आणि अवलंबन सहाव्या घाताचं: अंतर २० टक्के वाढलं की कार्यक्षमता ०.५ वरून ०.२५, २० टक्के घटलं की ०.७९. त्या पट्ट्याबाहेर वक्र सपाट असतो, तिथे आकड्यातली छोटी चूक अंतरात मोठी होते. २०१८ साली वीस प्रयोगशाळांनी एकाच प्रकारचे डीएनए नमुने मोजून प्रसिद्ध केलेल्या तुलनेत सगळ्या दुरुस्त्या करूनही कार्यक्षमतेतली अनिश्चितता ०.०२ ते ०.०५ राहिली. तुमचं ०.६१ आणि ०.६३ वेगळं आहे असं लिहू नका.

फ्रेमबद्दल: ५० मिलीमोलर मॅग्नेशियमला जंक्शन सेकंदाला काही वेळा उलटतं, १०० मिलीसेकंद तिथे कसेबसे पुरतात. १० मिलीमोलरवर गेलात तर दोन शिखरं एकमेकांत मिसळून मधोमध एक फुगवटा दिसेल आणि वाटेल की नवीच अवस्था सापडली. ३० मिलीसेकंदांवर या. ट्रेसमधल्या अवस्था ओळखणाऱ्या मार्कोव्ह मॉडेलला तीन फ्रेमपेक्षा कमी थांबणाऱ्या अवस्था देऊ नका. ते बिचारं मागाल तेवढ्या अवस्था काढून देतं.

---

कणाद_महापे
सर्वांचे आभार. चार दिवसांत झालेलं लिहितो.

पेगची नवी बाटली, ८० मिलीग्रॅमच्या नळ्या, नवं ॲप्टेस, कोरडं मेथॅनॉल. नुसत्या बफरमध्ये ठिपके ७० वरून ६ वर आले. न्यूट्राविडिनशिवाय १ नॅनोमोलर डीएनए टाकून ११. १५ पिकोमोलरलाच २८० मिळाले.

ट्रोलॉक्स आणलं आणि तोंडं बंद केली: साय-५ आता सरासरी ४५ सेकंद टिकतो. बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल असलेल्या जुन्या मिश्रणात लेझर निम्मा केला तेव्हा विझण्याआधीचा वेळ जवळजवळ दुप्पट झाला. दोन वरच्या अवस्थांमधला वेग हलला नाही.

लाल लेझरने निकाल घोडबंदर_गॅमांच्या बाजूने: ०.०८ मधल्या दहापैकी सात-आठ रेणूंवर पहिल्या फ्रेमलाच साय-५ नव्हता. साय-५ चा धागा नव्या बॅचमधून मागवतोय.

चौथं मात्र तसंच आहे. तोंडं बंद, ट्रिस ५० मिलीमोलर, तरी दुपारी ४० मिनिटांनी वेग वाढतोच. बाष्पीभवन?

---

बेलापूरची_पिपेट
बाष्पीभवनाने मॅग्नेशियम वाढेल आणि जंक्शन सावकाश होईल. तुमचं उलट चाललंय, म्हणजे ते नाही. चॅनेल तसंच ठेवून, तोंडं उघडून ताजं मिश्रण सोडा. वेग लगेच मूळ पदावर आला तर रसायन. आला नाही तर तापमान.

---

ऐरोली_ऑप्टिक्स
मी तापमानावर पैज लावतो. 'दुपारी' हा शब्द तुम्हीच लिहिलाय.

स्टेजवर, ऑब्जेक्टिव्हला लागून थर्मोकपल चिकटवा. तेलातून ऑब्जेक्टिव्ह आणि कव्हरस्लिप एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून नमुन्याचं तापमान खोलीचं नसून ऑब्जेक्टिव्हचं असतं. एसीचा कॉम्प्रेसर बंद-चालू होताना किंवा शेजारच्या पॉवर सप्लायने ते दोन-चार अंश सहज हलतं, आणि जंक्शनचा वेग तापमानाला फार संवेदनशील आहे. खोली नव्हे, ऑब्जेक्टिव्ह स्थिर करा: हीटर कॉलर लावून खोलीपेक्षा दोन-तीन अंश वर धरला की एसीचा चढउतार नमुन्यापर्यंत पोचत नाही. काम सुरू करण्याआधी तासभर सगळं चालू ठेवा. एसीचा झोत थेट स्टेजवर येत असेल तर पुठ्ठा लावा. स्वस्त उपाय आहे, पण चालतो.

टर्फचा कोनही तापमानाबरोबर सरकतो. काच-पाण्याच्या सीमेवर क्रांतिक कोन (ज्यापुढे प्रकाश पूर्ण परावर्तित होतो) ६१ अंश आहे. त्याच्या अगदी काठावर काम करत असाल तर तेलाचा अपवर्तनांक थोडा घसरला तरी प्रकाश खोल जातो आणि पार्श्वभूमी वाढते. कोन त्याहून थोडा जास्त ठेवा, प्रकाश १०० नॅनोमीटरच्या आसपासच खोल जाऊ द्या.

महापेला रस्त्यालगतच्या इमारतीत असाल तर जड ट्रकांची थरथर टेबलाला पोचते. एअर टेबल खरंच तरंगतंय का हे बोटाने दाबून बघा; पुष्कळ ठिकाणी कॉम्प्रेसर बंद पडून टेबल पायांवर टेकलेलं असतं आणि महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. कॉम्प्रेसर स्वतः मात्र टेबलापासून दूर, दुसऱ्या खोलीत.

आणि पावसाळ्यात ऑब्जेक्टिव्हला बुरशी धरते. काम झालं की तेल पुसा, काढा, ४० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवा. भिंगाच्या आतल्या थरावर कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसायला लागलं की ते आपल्या हातून निघत नाही.

---

कणाद_महापे
थर्मोकपल: सकाळी २३.५, दुपारी ३ वाजता २८. ताजं मिश्रण सोडूनही वेग उतरला नाही. कॉलर मागवली.

शेवटचं: प्रथिनाला लेबल करताना याच चुका कुठे होतील? दोन सिस्टीन, त्यांना जोडणाऱ्या मॅलेमाइड टोकाचे साय-३ आणि साय-५.

---

ठाणे_टर्फ
दोन्ही सिस्टीन सारख्याच असतील आणि दोन्ही रंग समसमान घातलेत, तर हिशेबानेच निम्म्या रेणूंवर जोडी, पाव रेणूंवर दोन साय-३, पाव रेणूंवर दोन साय-५ असतील. म्हणजे डोनर-एकटा शिखर येणारच, घाबरू नका. लाल लेझरची गाळणी इथे सक्तीची.

सिस्टीन मोकळे ठेवायला घातलेलं डीटीटी असेल तर आधी डिसॉल्टिंग कॉलममधून काढा, ते मॅलेमाइड खाऊन टाकतं. त्याच कामाचं टीसीईपी अगदी थोडं चालतं, पण जास्त झालं तर तेही मॅलेमाइडशी जोडतं, आणि पुढे मोजणीत राहिलं तर साय-५ विझवतं. पीएच ७.० ते ७.२, ७.५ च्या वर गेलात की लायसिनही पकडले जातात. प्रथिन ५० ते १०० मायक्रोमोलर, प्रत्येक रंग पाचपट, ४ अंशांना रात्रभर अंधारात. मग पुन्हा कॉलम, आणि मोकळा रंग पूर्ण गेलाय याची जेलवर खात्री. मोकळा साय-५ काचेला चिकटतो आणि तुमचे सहा ठिपके पुन्हा साठ होतात.

लेबलिंग मोजताना साय-३ ला ५५० नॅनोमीटरवर १.५ लाख, साय-५ ला ६५० वर २.५ लाख शोषणांक धरा, आणि २८० च्या वाचनातून साय-३ च्या शिखराचे ८ टक्के, साय-५ चे ५ टक्के वजा करा. नाहीतर प्रथिन जास्त आणि लेबलिंग कमी दिसेल.

काचेला बांधायला प्रथिनाला एव्हीटॅग (छोटा पेप्टाइड) जोडा आणि त्यावर बिरए एन्झाइमने बायोटिन लावा. सिस्टीनवर बायोटिनचा बोजा नको. लेबल केलेल्या प्रथिनाची क्रियाशीलता बिनलेबलच्या शेजारी ठेवून मोजा, टर्फवर चढवण्याआधीच.

---

घोडबंदर_गॅमा
त्यात एकच भर: एकेका सिस्टीनवर एकच रंग असलेले दोन म्युटंट आधी करा आणि फ्लोरोमीटरवर ध्रुवण बघा. रंग प्रथिनाच्या अंगाला चिकटून बसला असेल तर त्याची दिशा मोकळी फिरत नाही, आणि तिथे अंतराचं नेहमीचं गणित लागू पडत नाही. ॲनिसोट्रॉपी (ध्रुवणाचं माप) ०.२५ च्या वर दिसली तर सिस्टीनची जागा बदला.